टायबीचा अणुबाँब सापडलेला नाही

‘कॅनडाच्या पर्यटक जोडप्याला डायव्हिंग करताना समुद्रतळाशी अणुबाँब सापडला’ ही पोस्ट २०१५ पासून फिरते आहे. बातमी बनावट आहे. उगम थट्टेच्या खोट्या बातम्या छापणाऱ्या एका साइटवर. पंचाईत अशी की, हरवलेला बाँब मात्र खरा आहे.

५ फेब्रुवारी १९५८, मध्यरात्रीनंतरची वेळ. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याच्या आकाशात बी-४७ बाँबर सरावावर होता. लुटुपुटीचा हल्ला चढवणारं एफ-८६ लढाऊ विमान थेट त्याच्यावरच आदळलं. लढाऊ विमानाचा वैमानिक पॅराशूटनं वाचला. बाँबरचा पंख फाटला, एक इंजिन लोंबकळू लागलं. उतरताना पोटातला सुमारे ३,४०० किलोंचा बाँब सुटला तर काय, या धास्तीनं मेजर हॉवर्ड रिचर्डसन यांनी परवानगी काढून तो टायबी बेटाजवळ समुद्रात टाकला आणि विमान सुखरूप उतरवलं. नौदलानं दोन महिने तळ चाळला, हाती काही लागलं नाही.

मग तो फुटेल का? अणुस्फोटासाठी लागणारी प्लुटोनियमची कुपी त्यात नव्हतीच, असं हवाई दल सांगतं. रिचर्डसन यांनी सही केलेल्या पावतीवरही ती नकली असल्याची नोंद आहे. १९६६ मध्ये एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं बाँब ‘पूर्ण’ असल्याची साक्ष दिली होती, संशयाला खतपाणी मिळालं ते तिथून. आत युरेनियम आणि सुमारे १८० किलो साधी स्फोटकं आहेत; बाहेर काढताना ती फुटण्याचा धोका, म्हणूनच २००५ मध्ये हवाई दलानं ठरवलं : आहे तिथेच राहू द्या.