सिगार कारखान्यातील वाचन

सिगार वळणाऱ्या कामगारांना काम चालू असताना वर्तमानपत्रे व पुस्तके मोठ्याने वाचून दाखवण्याची क्यूबातील प्रथा. वाचून दाखवणाऱ्यास स्पॅनिशमध्ये ‘लेक्तोर’ म्हणतात. चातुर्मासात एकाने पोथी वाचावी आणि बाकीच्यांनी ऐकावी, हे मराठी वाचकाला परिचित आहे. येथे मात्र पोथीच्या जागी कादंबरी आणि देवळाच्या जागी कारखाना आहे.

हवानातील ‘एल फिगारो’ कारखान्यात डिसेंबर १८६५ मध्ये हे वाचन सुरू झाले व लवकरच ‘पार्तागास’सारख्या मोठ्या कारखान्यांत पोहोचले. स्वतः सिगार कामगार असलेले सातुर्निनो मार्तिनेस यांच्या ‘ला आउरोरा’ या नियतकालिकाने त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. बहुसंख्य कामगार निरक्षर असल्याने ऐकणे हाच त्यांचा पुस्तकांशी संबंध येण्याचा मार्ग होता. स्पॅनिश वसाहतीच्या सत्तेला यातील धोका तत्काळ उमगला आणि मे १८६६ मध्ये फर्मान काढून वाचनावर बंदी घालण्यात आली. पुढे स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातही ते दडपले गेले, पण १८८० च्या दशकात पुन्हा मूळ धरून राहिले.

ही प्रथा याच धंद्यात रुजली, याला कामाचे स्वरूप कारणीभूत आहे. गिरणीतील मागांच्या खडखडाटात कोणाचा शब्द कोणाला ऐकू गेला नसता. सिगार वळताना मात्र हात आणि डोळे गुंततात, कान मोकळे राहतात, आणि दालन शांत असते. बाकांच्या रांगांसमोर उंच मंचावर बसून लेक्तोर आधी बातम्या वाचतो, नंतर कादंबरीचे प्रकरण पुढे नेतो. प्रसंग रंगला की कारागीर पान कापण्याचे ‘चावेता’ नावाचे पाते समोरच्या फळीवर आपटून दाद देतात. वाचन नापसंत पडले, तर तेच पाते जमिनीवर टाकतात.

या प्रथेचे खरे बळ वर्गणीत होते, असे म्हणावे लागेल. लेक्तोरचे मानधन मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून ते भरत, वाचनाचा नमुना ऐकून त्याची निवड करीत आणि पुढची कादंबरी कोणती, हे मतदानाने ठरवीत. त्यामुळे पुस्तक वरून लादलेले नसे, तर सर्वांनी मिळून मागवलेले असे. ‘माँतेक्रिस्तो’ या सिगारच्या छापाचे नाव कामगारांच्या आवडत्या ‘द काउंट ऑफ माँते क्रिस्तो’ या कादंबरीवरून पडले, असे सांगितले जाते.

स्थलांतरित क्यूबन कारागिरांनी ही प्रथा फ्लोरिडातील की वेस्ट व टॅम्पा येथे नेली. प्वेर्तो रिकोतील कामगार पुढारी लुइसा कापेतियो यांनी लेक्तोर म्हणून काम केले. त्या काळी या व्यवसायात स्त्रिया विरळाच होत्या. टॅम्पातील मालकांनी १९३१ मध्ये वाचनातून राजकीय प्रचार होतो असे म्हणून मंच हटवले. कामगारांनी संप केला, पण लेक्तोर परतले नाहीत. त्यांच्या जागी रेडिओ आला. त्या रेडिओला पाते जमिनीवर टाकून थांबवता येत नव्हते, आणि तो काय बोलणार हे मतदानाने ठरत नव्हते.

भारतात याला जवळची प्रथा केरळमधील कण्णूर भागातील विडी कामगारांत आढळते. तेथेही विड्या वळणाऱ्यांना वर्तमानपत्रे व पुस्तके वाचून दाखवली जात. क्यूबात वाचन अजून चालू असून, लेक्तोरांमध्ये आता अनेक स्त्रिया आहेत. २०१२ मध्ये या प्रथेस तेथील राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा देण्यात आला.