तेलगळती (खानदेश)

भूभागावर किंवा पाण्यात खनिज तेल सांडून होणारे प्रदूषण. तेलगळती म्हटले की किनारे आठवतात. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर झाली आणि ‘एमएससी चित्रा’मधून शेकडो टन तेल समुद्रात गेले. खानदेशात समुद्र नाही. इथला धोका धावतो तो सुरत–धुळे–जळगाव आणि मुंबई–आग्रा या महामार्गांवर, टँकरमधून. टँकरमध्ये साधारण १२ ते २० हजार लिटर इंधन असते, तेही वेगवेगळ्या कप्प्यांत. त्यामुळे टँकर उलटला म्हणून सगळे सांडतेच असे नाही. बहुधा वरच्या झाकणांतून गळते.

पहिला धोका आगीचा. टँकरवरच्या पाटीत १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड; ती नाल्याच्या खोलगटात साचते. डिझेल पेटत नाही हा समज मे महिन्यात खोटा ठरतो. ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, त्याची भारतीय मानकातली किमान मर्यादा ३५ अंश सेल्सियस आहे आणि जळगावचा पारा तेव्हा ४४-४५ वर असतो. बादल्या, कॅन घेऊन धावणारी गर्दी हाच सर्वांत मोठा जीवघेणा भाग. २०१७ मध्ये पाकिस्तानातील अहमदपूर शर्किया येथे अशाच गर्दीत दोनशेहून अधिक माणसे दगावली.

पुढचे नुकसान जमिनीखाली होते. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि डिझेल त्यांतून थेट खाली मुरमात, तिथून बेसाल्टच्या फटींत उतरते. पावसाळ्यात तीच माती फुगून भेगा बुजतात. मग तेल वरूनच वाहत नाल्याला लागते. उन्हाळ्यात मुरलेले तेल कधी पहिल्या मोठ्या पावसानंतर, पाणीपातळी चढली की विहिरीत दिसते. तोवर पंचनामा होऊन गेलेला असतो. विहिरीवर तवंग दिसताच ‘उपसून टाकू’ म्हणून मोटार सुरू करणे ही नेहमीची चूक: पातळी खाली जाते, भोवतालच्या फटींतले तेल आत ओढले जाते आणि ठिबकच्या नळ्यांतून ते केळीच्या उथळ मुळांपर्यंत पोहोचते.

रस्ता पाण्याने धुऊन काढला तर तेल नाल्यात जाते. साबण वापरला तर ते पाण्यात मिसळते आणि मग गोळाच करता येत नाही. त्याऐवजी उताराच्या बाजूला जेसीबीने चर खणून मातीने तेल अडवावे. नाला वाहता असेल तर मातीचा बांध घालून त्यात तिरपा पाइप बसवतात: वरच्या अंगाचे तोंड तळाशी बुडलेले, खालच्या अंगाचे उंच. पाणी तळातून निघून जाते, तरंगणारे तेल बांधामागे राहते. ते टिपायला कापसाच्या मुलखात उत्तम साधन हाताशी आहे, ते म्हणजे जिनिंगची कच्ची रुई. नैसर्गिक मेणामुळे ती पाणी न पिता स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट तेल शोषते. औषधाच्या दुकानातला पांढरा कापूस मात्र चालत नाही. त्याचे मेण काढलेले असते, तो पाणीच पितो.

मातीत मुरलेले डिझेल जिवाणू खातात, पण त्यांना हवा, ओल आणि नत्र लागते. म्हणून थोडे मुरलेले शेत नांगरून, शेणखत व थोडा युरिया मिसळून ओलसर ठेवतात. यात काही महिने जातात.

भरपाईसाठी सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९१ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे ५ वर्षांच्या आत अर्ज करता येतो. पाण्याचा नमुना काचेच्या बाटलीत, हवा न ठेवता काठोकाठ भरून बर्फात पाठवावा. प्लास्टिकची बाटली तेलाचे अंश शोषते, तर अर्धवट भरलेल्या बाटलीत बेंझिन हा इंधनातला चटकन उडणारा घटक उडून वरच्या मोकळ्या जागेत जाते आणि अहवाल ‘आढळले नाही’ असा येतो.