स्थानिक तुरुंगांतील मानसिक आरोग्यसेवा

नुकतीच अटक झालेले, खटला प्रलंबित असलेले किंवा अल्प मुदतीची शिक्षा भोगणारे बंदी जिथे ठेवतात, अशा तुरुंगांतील मानसिक विकारांचे निदान, उपचार व आत्महत्या-प्रतिबंध यांची व्यवस्था. दीर्घ शिक्षेच्या कारागृहात उपचाराला वर्षे मिळतात. इथे माणूस मध्यरात्री येतो आणि जामीन झाला की तिसऱ्या दिवशी जातो. म्हणून पहिले काही तास आणि सुटकेचा दिवस, एवढ्यावरच बरेच काही अवलंबून असते.

दाखल करतानाच पूर्वीचे उपचार, औषधाचा शेवटचा डोस, शेवटचे मद्यपान आणि जीव द्यावासा वाटतो का, हे थेट विचारावे लागते. हे प्रश्न रांगेत, इतरांदेखत विचारले तर उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते. आडोसा हवाच.

औषधात खंड पडणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत टाळता येण्याजोगी चूक. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र मानसिक आजारावरचे औषध ४८ तासांहून अधिक चुकले तर जुना डोस तसाच देता येत नाही. रक्तदाब एकाएकी घसरू शकतो, म्हणून १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यावे लागते. एका शनिवार-रविवारच्या दिरंगाईने महिन्यांची घडी विस्कटते. दारू तुटल्यावर ६ ते २४ तासांत हात कापू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन माणूस भिंतीवरचे किडे झटकू लागतो. त्याला ‘वेडाचे सोंग’ म्हणून कोंडले जाते. खरे तर ती जिवावरची अवस्था असते आणि रुग्णालय गाठावे लागते.

तुरुंगातील आत्महत्यांत गळफासाचे प्रमाण सर्वाधिक. गळा आवळल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला कायमची इजा होते. त्यामुळे दर १५ मिनिटांची ठरलेली फेरी पुरत नाही: जोखीम मध्यम असेल तर फेऱ्यांची वेळ अनियमित आणि त्याहून कमी अंतराची ठेवतात, तीव्र असेल तर नजर हलवायची नाही. एकांतवास हा उपाय नव्हे, त्याने धोका वाढतो. एकांतवासाने प्रकृती बिघडणार असेल तर मानसिक अपंगत्व असलेल्या बंद्याला तो देऊ नये, असे बंद्यांना कसे वागवावे याविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांतील ४५ वा नियम सांगतो. कोर्टाची तारीख किंवा घरून आलेली वाईट बातमी यांनंतर जोखीम नव्याने तपासावी लागते.

सुटकेचा आदेश अनेकदा संध्याकाळी, दवाखाना बंद झाल्यावर येतो. काही दिवसांच्या गोळ्या, चिठ्ठी आणि पुढच्या भेटीची तारीख असलेले पाकीट म्हणूनच आधीपासून भरून दारावरच्या पहाऱ्याकडे ठेवावे. अफूजन्य पदार्थांचे व्यसन असलेल्यांच्या शरीराची ती नशा सोसण्याची क्षमता आत राहून घटलेली असते. बाहेर पडल्यावर जुन्याच मात्रेने पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यू ओढवतात. अशांच्या पाकिटात नालोक्सोन, म्हणजे अशा अतिमात्रेवरचा उताराही हवा.