संख्येने मोठा, तरी काळजी धाकट्या रोहिताचीच

खटाव तालुक्यातील मायणीच्या तलावावर आणि येरळवाडीच्या धरणावर हिवाळ्यात उतरणारे रोहित, म्हणजेच आपले फ्लेमिंगो, हे थोरले रोहित होत. उथळ पाण्यात मान खाली सोडून, चोच चक्क उलटी धरून तळाचा गाळ ढवळणारा हा पक्षी दुर्बिणीतून पाहिला, तर त्याची चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी दिसते. ठाणे खाडीत मोठ्या थव्यांनी जमणाऱ्या धाकट्या रोहिताची चोच मात्र काळपट लाल असते.

दोघांचे कुळ एकच, पण प्रजाती वेगळ्या मानल्या जातात: थोरला ‘फिनिकॉप्टेरस रोझियस’, तर धाकटा ‘फिनिकोनायस मायनर’. लांब पायांमुळे रोहितांना पूर्वी करकोच्यांचे नातलग समजत असत. जनुकीय अभ्यासातून मात्र त्यांचे सर्वांत जवळचे नाते टिबुकलीच्या कुळाशी असल्याचे दिसून आले. आपल्या तळ्यांत बुड्या मारणारी ती मूठभर टिबुकली या उंचाड्या पाहुण्यांची भावकी निघावी, याचे मला आजही नवल वाटते.

खरा फरक आहे तो चोचीतल्या गाळणीत. थोरल्याची गाळणी जाड असल्याने त्याला तळातले किडे, कोळंबीसारखे जीव, बिया असे बरेच काही चालते, तर धाकट्याची अतिशय बारीक गाळणी मुख्यतः पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म नील-हरित शैवाल टिपते. असे शैवाल खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात विपुल वाढते, म्हणून धाकट्याची भिस्त अशाच पाण्यावर असते. त्यामुळे जगात धाकटे रोहित वीस लाखांहून अधिक आणि थोरले त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी असूनही, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत थोरला ‘कमी चिंतेच्या’ वर्गात आहे आणि धाकटा ‘संकटसमीप’, म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर आहे.

कारण धाकट्याची वीण मोजक्याच जागी होते. जगातील बहुसंख्य धाकटे रोहित टांझानियातील नॅट्रॉन या एकाच सरोवरावर जन्मतात; भारतात त्यांची वीण कच्छच्या रणात होते. थोरला भूमध्य समुद्राच्या काठापासून कच्छपर्यंत अनेक ठिकाणी घरटी करतो. मादी चिखलाच्या बुटक्या ढिगावर एकच अंडे घालते. नॅट्रॉनचे पाणी अवेळी चढले, तर ते ढीग बुडतात. फार आटले, तर कोल्ह्या-तरसांना घरट्यांपर्यंत चालत जाता येते.