झाडीपट्टीचा नट आणि धानाचा हंगाम : पार्श्वभूमी

जानेवारी २०२३ मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाले आणि त्यांत गडचिरोली जिल्ह्याच्या कुरखेडा तालुक्यातील रंगकर्मी परशुराम खुणे यांचे नाव आले, तेव्हा त्यांच्या कारकिर्दीची ओळख म्हणून पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि सुमारे ८०० भूमिका असे आकडे सर्वत्र छापले गेले. मुंबई-पुण्याच्या वाचकाला हे आकडे फुगवलेले वाटू शकतात. पण पाच हजार प्रयोग पन्नास वर्षांत वाटले, तर वर्षाला शंभर रात्री येतात, आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीची भाऊबीज ते होळी एवढाच नाटकांचा सिझन असला तरी त्यात शंभर रात्री सहज बसतात.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांचा पूर्वेकडचा जंगलाचा, तळ्यांचा आणि धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. धान निघाले की बांधी, म्हणजे भाताचे शेत, रिकामी होते, हातात थोडा पैसा येतो आणि गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. या मोकळ्या दिवसांतच पूर्वी दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये रंगत. दंडारीत स्त्रीच्या भूमिका पुरुषच करीत, आणि करणारे व पाहणारे एकाच गावचे असत. पुढे संगीत नाटकाचा साचा इथे आला. बाकी महाराष्ट्रात नटाच्या तोंडचे गाणे मागे पडले तरी इथे ते टिकले, आणि वादक आजही रंगमंचालगत बसून नटाला साथ देतात.

गावचे हौशी नाटक व्यावसायिक होत गेले तसे देसाईगंज, म्हणजे लोकांच्या तोंडचे वडसा, हे या धंद्याचे ठाणे झाले. ते व्हायला कारण होते. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणारा लोहमार्ग वडशावरून जातो, आणि चारही जिल्ह्यांतून तिथे पोहोचणे सोपे पडते. नाटक मंडळांची कार्यालये तिथेच आहेत. गावचे मंडळ दिवाळीआधी येऊन तारीख पक्की करते, नाटक ठरलेल्या रकमेला घेते आणि तिकिटे स्वतः विकते. नफा उरला तर तो देवळाला किंवा गावच्या एखाद्या कामाला लागतो, आणि तोटा झाला तर तोही गावानेच सोसायचा असतो.

या पद्धतीने नटाचे कामही घडवले आहे. संच दर रात्री नव्या गावी असतो, तालमीला वेळ नसतो, आणि पडद्याआडून प्रॉम्प्टर वाक्ये पुरवतो. त्याचा कानोसा घेत, समोरच्या नटाकडे पाहत, तेच वाक्य दोन हजार माणसांपर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणणे ही इथली खरी विद्या आहे, जिला शहरी समीक्षक सरसकट 'भडक अभिनय' म्हणून मोकळे होतात. प्रयोग रात्री दहाच्या पुढे सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. अनेक गावांत प्रेक्षकांसाठी जमीन उतरती खणून तीच माती रंगमंचाला भरतात, आणि डिसेंबरच्या थंडीत बायाबापड्या लेकरांना चादरीत गुंडाळून त्या खड्ड्यात रात्र काढतात. नाटकाच्या निमित्ताने घरी आलेल्या पाहुण्यांत सोयरिकीची बोलणीही याच दिवसांत होतात.

खुणे यांचा ओढा विनोदी भूमिकांकडे होता, आणि त्यामुळे वर्तमानपत्रांनी त्यांना 'विदर्भाचे दादा कोंडके' म्हटले. कौतुक खरे असले तरी ही उपाधी मला खटकते. कोंडक्यांचे काम चित्रपटांच्या रिळांवर उरले, तर खुणे यांचे बहुतेक काम ते पाहणाऱ्यांच्या आठवणीपलीकडे कुठेही नाही.

अलीकडचा काळ या रंगभूमीला सोपा गेलेला नाही. नाटकाला गर्दी मिळवून देणारा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाला आणि डिसेंबर २०२१ मध्येच राज्यात शर्यतींना पुन्हा वाट मिळाली. मधल्या काळात करोनाने रंगमंच ओस पाडले. जाहिरातीच्या फलकावर आता मुंबईच्या मालिकांतला एखादा चेहरा मोठा छापलेला असतो आणि चाळीस रात्री सलग उभा राहणारा स्थानिक नट त्याच्या खाली बारीक अक्षरांत असतो. होळी झाली की संच मोडतात, मानधनाचे राहिलेले हिशेब मिटतात, आणि यांतले बरेच नट पुढच्या धानाच्या तयारीला आपापल्या बांधीत उतरतात.