माहीम-धारावीचा खाडीकाठ : कॉजवे आणि कातडी कारखाने

मुंबईचे मूळ बेट आणि त्याच्या उत्तरेचे साष्टी बेट यांच्या दरम्यान, मिठी नदीच्या मुखालगत पसरलेला प्रदेश. विहार व पवई तलावांच्या सांडव्यांतून निघणारी मिठी सुमारे १८ किलोमीटर वाहते, कुर्ल्याच्या पुढे पश्चिमेकडे वळते आणि धारावीला डाव्या हाताशी ठेवून माहीमच्या खाडीत शिरते. या पट्ट्याच्या पूर्वेकडील टोकाशी शीवचा आणि पश्चिमेकडील टोकाशी माहीमचा, असे दोन जुने कॉजवे (खाडीत भराव घालून नेलेले रस्ते) असून, त्यांच्या मधल्या खाजणावर, म्हणजे भरतीच्या पाण्याच्या दलदलीवर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कातडी कमावण्याचे कारखाने उभे राहिले. पूल आणि कारखाने यांचा इतिहास सहसा वेगवेगळा सांगितला जातो. वास्तविक पुलांमुळे जी जमीन तयार झाली व जी सीमा आखली गेली, तिच्यावरच हा धंदा वसला.

खाडी ओलांडण्याची निकड इंग्रजांना प्रथमपासून नव्हती. उलट ती अडसर म्हणून राहण्यातच त्यांची सोय होती. साष्टीवरील मराठ्यांची मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली, आणि त्याच वर्षी गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या आज्ञेने धारावीचा रीवा किल्ला बांधला गेला, तो याच काठाच्या राखणीसाठी. आज ‘काळा किल्ला’ या नावाने तो वस्तीच्या गर्दीत उभा आहे. इंग्रजांनी १७७४ मध्ये साष्टी घेतली व १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली, तेव्हा कुठे दोन्ही काठ जोडण्याचा विचार व्यवहार्य ठरला. गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकिर्दीत शीव ते कुर्ला हा कॉजवे १७९८ मध्ये हाती घेण्यात येऊन १८०५ मध्ये पुरा झाला. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये मात्र पुढील चार दशके होड्याच चालत होत्या, आणि पावसाळ्यात हा प्रवास जिवावरचा असे.

माहीमच्या कॉजवेचे श्रेय लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांच्याकडे जाते. प्रसिद्ध पारशी व्यापारी व दानशूर सर जमशेटजी यांच्या त्या पत्नी. बांधकामास लागलेले सुमारे १,५७,००० रुपये या कुटुंबाने दिले. खर्च अंदाजाबाहेर गेल्यावर काम अडू नये म्हणून जास्तीची रक्कमही आवाबाईंनी पुरवली. या पुलावरून जाणाऱ्यांकडून सरकारने कर घेऊ नये, अशी अट देणगीला जोडलेली होती. १८४५ मध्ये कॉजवे वाहतुकीला खुला झाला आणि माहीमहून त्याच्याकडे जाणारा रस्ता लेडी जमशेटजी मार्ग म्हणून ओळखला जाऊ लागला. समुद्राच्या बाजूने वांद्रे आणि वरळी यांना जोडणाऱ्या २००९ च्या सागरी सेतूवर टोल भरावा लागतो, हे येथे नोंदवण्यासारखे आहे.

कॉजवे हा कमानींवर तोललेला मोकळा पूल नसतो. त्याचा बराच भाग भरावाचा असतो, आणि पाण्याला वाट मिळते ती फक्त ठेवलेल्या मोऱ्यांतून व कमानींखालून. दोन्ही टोकांना असे भराव पडल्यावर आणि पुढे लोहमार्गांचे बांध आल्यावर भरती-ओहोटीचा जोर कमी झाला, गाळ साचत गेला आणि खाजण उथळ होत सुकू लागले. त्याची पहिली झळ धारावीच्या कोळीवाड्याला बसली, कारण मासेमारीचे पाणीच मागे सरत होते. जी जमीन वर आली ती दलदलीची, म्हणून स्वस्त होती; शिवाय ती तत्कालीन शहराच्या उत्तर हद्दीला टेकलेली होती. दुर्गंधीचे धंदे वस्तीपासून दूर ठेवण्याच्या नगरपालिकेच्या धोरणाला अशीच जागा हवी होती. धारावीतील पहिला कातडी कारखाना १८८७ मध्ये निघाला. कच्च्या मालाची सोयही जवळच होती, कारण वांद्र्याचा कत्तलखाना खाडीच्या पलीकडच्या काठाला होता.

कच्चे कातडे काही तासांतच कुजू लागते, म्हणून त्याला आधी मीठ चोळतात. कारखान्यात ते पाण्यात भिजवून मीठ, रक्त व घाण काढली जाई आणि मग चुन्याच्या हौदात ठेवले जाई. चुन्याने केस सैल होतात व कातडे फुगते. त्यानंतर एका बाजूचे केस आणि दुसऱ्या बाजूचे मांस व चरबी सुरीने खरवडून काढावी लागे. चुना धुऊन निघाल्यावरच कमावण्याची खरी क्रिया सुरू होई. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा यांच्या काढ्यात कातडे मुरत ठेवले की त्यांतील तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंना घट्ट धरते आणि कातडे कुजायचे थांबते. या पद्धतीला आठवडेच्या आठवडे लागत. क्रोमियमच्या क्षारांनी तेच काम फार थोड्या वेळात होऊ लागले, पण सांडपाणी अधिक घातक झाले. चुन्याचे पाणी, केस, चरबी आणि क्षार हे सारे जवळच्या नाल्यांतून खाडीत जात असे. मिठीच्या प्रदूषणाचा दोष एकट्या या कारखान्यांवर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. नदीच्या वरच्या पट्ट्यातील उद्योगांचा व साऱ्या उपनगराच्या मैल्याचा वाटा त्यात मोठा आहे.

हे काम करणारे लोक बहुतांशी बाहेरून आले. तमिळनाडूतील, विशेषतः तिरुनेलवेलीकडील मुसलमान कारागीर व व्यापारी या धंद्यात पुढे होते. महाराष्ट्रातून ढोर समाजातील कुटुंबे आली, ज्यांच्यावर जातिव्यवस्थेने कातडी कमावण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या लादले होते. बाराव्या शतकातील शरण कक्कय्या हे बसवेश्वरांचे समकालीन; त्यांना आपले संत मानणाऱ्या या समाजाची खूण धारावीतील संत कक्कय्या मार्गाच्या नावात दिसते. चर्मवस्तू शिवणारा चर्मकार समाज हा याहून वेगळा, तरी बाहेरच्यांकडून दोघांची गल्लत नेहमी होते.

कत्तलखाना १९७१ मध्ये देवनारला हलल्यावर कच्चा माल दूर गेला, आणि कातडी कारखान्यांनाही पुढे सरकारी निर्णयानुसार धारावी सोडून तिकडे जावे लागले. धारावीत उरला तो पुढचा टप्पा, म्हणजे पिशव्या, पट्टे, पाकिटे व जाकिटे शिवण्याचा. शीव-वांद्रे जोडरस्त्यावरील चामड्याची दुकाने त्यावरच चालतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आल्याने कारागिरांना म्हशीच्या व बकऱ्याच्या कातड्यावर अधिक अवलंबून राहावे लागते. तयार चामडे चेन्नई, कानपूर यांसारख्या केंद्रांतूनही येते.