व्हिलांद्री

व्हिलांद्री : फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातील प्रबोधनकालीन शातो व त्याभोवतीची उद्याने. तूर शहराच्या पश्चिमेस सु. १५ किमी.वर, शेर नदीच्या काठी. ‘शातो’ या शब्दात तटबंदीची गढी आणि सरदाराचा प्रासाद असे दोन्ही अर्थ येतात. व्हिलांद्रीत हे दोन्ही एकाच आवारात दिसतात, कारण प्रासाद बांधताना मूळच्या मध्ययुगीन गढीचा चौकोनी बुरूज तेवढा राखला गेला.

ही गढी १२ व्या शतकातील असावी. गावाचे नाव तेव्हा कोलोंबिए होते. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने फ्रान्सचा राजा फिलिप ऑग्युस्त याच्यापुढे हार पत्करून ४ जुलै ११८९ रोजी तह केला, तो येथेच, असे परंपरा सांगते. काही अभ्यासक हे स्थळ जवळच्या बालां येथे मानतात, तर काही तहाला आझे-ल-रिदोचे नाव देतात. ही गावे एकमेकांच्या जवळच असल्याने भेट या टापूत कोठेतरी झाली, एवढेच म्हणणे सुरक्षित. तहानंतर दोनच दिवसांनी शिनों येथे हेन्री मरण पावला.

फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याचा अर्थाधिकारी झां ल ब्रतों याने १५३२ च्या सुमारास गढी घेऊन आजचा प्रासाद उभारला. शांबोर येथील राजाच्या शातोच्या बांधकामाच्या देखरेखीचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. १७५४ मध्ये मालकी कास्तेलान घराण्याकडे गेली. नव्या राहणीसाठी वास्तूत बरेच फेरफार झाले. १९ व्या शतकात जुनी उद्याने मोडून त्या जागी इंग्रजी धर्तीचे, वळणावळणाच्या वाटांचे उपवन करण्यात आले.

जीर्णोद्धाराचे श्रेय जोआकिम कार्व्हालो (१८६९–१९३६) या स्पॅनिश शास्त्रज्ञाचे. फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक शार्ल रिशे यांच्या प्रयोगशाळेतले शरीरक्रियाविज्ञानातील संशोधन सोडून त्याने १९०६ मध्ये व्हिलांद्री विकत घेतले. पत्नी अ‍ॅन कोलमन ही पेनसिल्व्हेनियातील लोखंड-उद्योजक घराण्यातली. तिची संपत्ती आणि तिचा सहभाग यांशिवाय हे काम उभे राहिले नसते; तिचा उल्लेख पुष्कळदा ओझरता होतो, हे अन्यायाचे आहे. बुजवलेल्या खिडक्या उघडल्या गेल्या, खंदक मोकळे झाले. स्पेनमधील टोलेडोतील एका वाड्याचे १५ व्या शतकातील लाकडी मुदेखार (इस्लामी वळणाच्या स्पॅनिश शैलीचे) छत सुट्या भागांत आणून दिवाणखान्यात पुन्हा जोडले गेले. त्याचे सु. ३,६०० तुकडे जुळवायला वर्ष लागले, असे सांगतात.

खरा वाद उद्यानांचा आहे. १६ व्या शतकातील मूळ आराखडा उपलब्ध नाही. जमिनीतील खुणा, जुने नकाशे, १६ व्या शतकातील वास्तुचित्रकार आंद्रुए द्यु सेर्सोची कोरीव चित्रे आणि मठांतील बागांची चित्रे यांवरून कार्व्हालोने रचना बसवली. तिला काही जण पुनर्स्थापना म्हणतात, काही विसाव्या शतकातील नवनिर्मिती. दुसरे मत पुराव्याला अधिक धरून आहे. मात्र त्यामुळे कामाचे मोल तसूभरही घटत नाही. खालच्या टप्प्यावरील भाजीबागेत नऊ चौक असून प्रत्येकाची नक्षी वेगळी आहे. निळसर कोबी, लालबुंद बीट, गाजराचा हिरवा पाला हेच येथले रंग. लागवड वर्षातून दोनदा होते आणि जमीन थकू नये म्हणून पिकांची फेरपालट सांभाळली जाते. वरच्या शृंगारबागेत बॉक्स या सदाहरित झुडपाच्या कातरलेल्या कुंपणांतून प्रेमाच्या चार अवस्था रेखल्या आहेत : कोमल प्रेमाला ज्वालांनी विलग केलेली हृदये, शोकांत प्रेमाला खंजिरांची पाती. त्याहून वर जलोद्यान आहे.

स्वतःचे घर लोकांना दाखवणे त्या काळी मालकांना रुचणारे नव्हते. कार्व्हालोने व्हिलांद्री खुले केलेच, शिवाय अशा खाजगी वास्तूंच्या मालकांना एकत्र आणून १९२४ मध्ये ‘ला दमर इस्तोरिक’ ही संघटना स्थापली. वास्तूंचे जतन आणि त्या जनतेस खुल्या करणे, हे तिचे काम. १९३४ मध्ये व्हिलांद्रीला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. २००० मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या ल्वार खोऱ्याच्या क्षेत्रात ते समाविष्ट आहे. मालकी आजही कार्व्हालो कुटुंबाकडे आहे.